अक्काचा हिरवा

अक्काला शेवटची भेटले, तेव्हा तिने ना माझी खुशाली विचारली, ना स्वतःची सांगितली. मी शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेली, बारीक हिरव्या मण्यांनी भरलेली नळी तिने खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "हा नव्हे. परत कर." त्याच आठवड्यात तिच्या मुलीचा, केतकीचा, फोन आला... अक्का गेली होती.

माझी ही थोरली बहीण इथल्याच एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर होती. निवृत्तीनंतर ती मणीकामाला लागली आणि आम्हा सगळ्यांना तिने वैताग आणला. मणी मोहरीएवढे, आणि नक्षीच्या कागदावर रंगाचं नावच नाही, नुसता कोड. मी म्हणायची, "अगं, हिरवा म्हटलं की हिरवा." त्यावर ती म्हणे, "कुठला हिरवा? आकडा रंगाचा, त्यापुढचं अक्षर झिलईचं. मणी पारदर्शक की बिनचकाकीचा, ते अक्षर सांगतं. आणि एका कंपनीचा आकडा दुसरीला चालत नाही." दुकानात तो आकडा नसला की दुकानदार त्याच्या जवळचा पुढे करी, "स्वल्प फरक आहे, मॅडम." त्या स्वल्प फरकावर मला घरी तासभर व्याख्यान.

केतकीच्या, शहराच्या पार टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नव्या फ्लॅटसाठी अक्काने आंब्याच्या पानांचं तोरण करायला घेतलं होतं. ते अर्धं राहिलं. वास्तुशांत तोंडावर, म्हणून बाकीचं मी करायला घेतलं. मणी काढायला अक्काचं कपाट उघडलं आणि डोकंच फिरलं. कोडचं एवढं स्तोम माजवणाऱ्या बाईने सगळे मणी स्टीलच्या डब्यांत ओतून कोड असलेल्या नळ्या टाकून दिल्या होत्या. तिला पाठ होते ना सगळे... पानांचा हिरवा तर संपतच आला होता. कागदावरून आकडा, अक्षर, कंपनी तपासून मी नवा आणला आणि तोरण पुरं केलं.

वास्तुशांतीच्या सकाळी ते दारावर चढलं. उन्हात स्पष्ट दिसलं, अर्ध्यापासून पुढची पानं पिवळट. दुकानदाराला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "कोड तोच, पण खेप वेगळी. दर खेपेला रंग जरासा बदलतोच. म्हणून मॅडम शक्यतो लागतील तेवढे एकदमच घ्यायच्या." अक्काने एवढं सगळं ऐकवलं, आणि नेमकं हेच सांगितलं नाही.

"उसवते मी," मी केतकीला म्हटलं.

"नको मावशी," ती म्हणाली. "आई कुठपर्यंत आली होती, ते कळतं."

आता तिच्या दारात उभी राहिले की माझी नजर नेमकी त्या सांध्यावर जाते. आणि अक्काला फोन लावून भांडावंसं वाटतं...