बाई स्वेटर बदलून नेतात

आमच्याकडे दुकानात कुणी भेटवस्तू घेतली की काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो, "बदलचिठ्ठी लावू ना?" किंमत काढून टाकायची आणि त्या जागी एक छोटी चिठ्ठी चिकटवायची. ज्याला भेट मिळेल त्याने नाताळ झाल्यावर यावं आणि आवडेल ते बदलून न्यावं. यात कुणाला राग येत नाही. आजीने दिलेलंसुद्धा लोक बदलतात, आणि वर आजीलाच सोबत घेऊन येतात. पण आस्ताबाईंइतकं मनापासून बदलून नेणारं माणूस मी आमच्या या डेन्मार्कमधल्या विबोर्ग गावात दुसरं पाहिलं नाही.

बाई आम्हाला शाळेत शिवण शिकवायच्या. मी शिवलेला पहिला एप्रन त्यांनी हातात घेतला, उलटा केला आणि खिडकीशी धरला. "पुढून छान दिसतोय, मेरेते. म्हणजे मागे काहीतरी लपवलंयस," असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडूनच उसवून घेतला. मी रडले. दुसऱ्यांदा शिवल्यावर त्यांनी बराच वेळ शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वाईट नाही." आमच्या भागातली माणसं कौतुकाच्या बाबतीत मुळात हात आखडता घेणारी. बाई तर मूठच उघडायच्या नाहीत. 'वाईट नाही' याच्या वर त्यांच्याकडे शब्द नव्हता. तेवढ्यासाठी आम्ही मुली जिवाचं रान करायचो.

पुढे मी चर्चकडून खाली येणाऱ्या पादचारी रस्त्यावरच्या बायकांच्या कपड्यांच्या दुकानात विक्रीला लागले, ती अजून तिथेच आहे. आजूबाजूची दुकानं गेली. चपलांचं गेलं, लोकरीचं गेलं, पडद्यांचं गेलं. आता तिथे फोनची कव्हरं मिळतात आणि केस कापून मिळतात. बाकीचं सगळं लोक घरबसल्या मागवतात. आमचं दुकान कसं टिकलं ते मालकिणीलाच ठाऊक. माझं म्हणाल तर त्यात आस्ताबाईंच्या नवऱ्याचा थोडा वाटा आहे.

नवरा प्रेबेन. जन्मभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. हाताचे पंजे फावड्याएवढे, बोलणं जेमतेम. आमच्याकडे नाताळच्या भेटी चोवीसच्या संध्याकाळी उघडतात; त्याच्या आदल्या दिवशी, दर तेवीस तारखेला, दुकान गच्च भरलेलं असताना तो यायचा, टोपी काढायचा आणि बायकोसाठी एक स्वेटर उचलायचा. डोळ्यांवर पट्टी बांधून निवडला असता तरी त्याहून बरा निघाला असता. मी बदलचिठ्ठी लावून बांधून द्यायची. आणि सत्तावीसला, दुकान उघडल्या उघडल्या, दोघं जोडीने हजर. बाई पुढे, तो मागे पिशवी घेऊन.

बाई स्वेटर काउंटरवर पसरायच्या, उलटा करायच्या आणि नवऱ्याकडे वळायच्या.

"प्रेबेन, हा कुणासाठी घेतला होतास? घोड्यासाठी?"

"रंग बरा वाटला."

"कुठला रंग? यात चार आहेत, आणि चारही एकमेकांशी भांडतायत."

"गरम राहील तुला."

"लाजेनेच गरम होईन मी. मेरेते, हा माणूस इतकी वर्षं गाडी कशी चालवत होता गं? लाल दिवा याला दिसायचा तरी का?"

रांगेतले लोक हसायचे. प्रेबेनही मान खाली घालून हसायचा. मग बाई तासभर दुकान उलथंपालथं करायच्या आणि शेवटी निळसर करडा, साधा, नीट शिवलेला एखादा स्वेटर घेऊन जायच्या. तिथून दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीत. कॉफी आणि मोठा गोड क्रिंगल, दोघांत एक. खिडकीत बसलेली दिसायची मला. बाई अजून बोलतच असायच्या.

एका तेवीस तारखेला मला त्याची कीव आली. बाईंना हमखास आवडेल असा निळसर करडा स्वेटर मी आधीच बाजूला काढून ठेवला होता. तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "प्रेबेन, या वर्षी हा ने. यात त्यांना काही म्हणजे काही काढता येणार नाही."

त्याने स्वेटर हातात घेतला. अगदी बाईंसारखी शिवण उलटी करून पाहिली. पाहून नीट घडी घातली आणि परत दिला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "पण मग सत्तावीसला आम्ही काय करायचं?"

आणि जांभळ्या ठिपक्यांचा एक भयानक प्रकार घेऊन निघून गेला. इतकी वर्षं मी या माणसाला ठोंब्या समजत होते.

बाईंचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी आम्हाला गंमतच वाटली. दुसऱ्याच दुकानाची पिशवी घेऊन आल्या आणि आमच्याशी भांडल्या. मग मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. गेल्या वर्षी बदलायला आल्या, तासभर हिंडल्या, आणि स्वतःच परत केलेला स्वेटर पसंत करून पुन्हा काउंटरवर ठेवला. प्रेबेनने नुसती पिशवी पुढे केली. मीही तोच बांधून दिला. त्या दिवशी बेकरीच्या खिडकीत दोघं बसली होती, पण बाई बोलत नव्हत्या.

या वर्षी तो तेवीसची वाट न पाहता आधीच आला. दुकान रिकामं होतं. खांदे पडलेले, दाढी नीट झालेली नाही.

"मेरेते, दुकानातला सगळ्यात वाईट स्वेटर कुठला?"

"वाईट म्हणजे?"

"बघवणार नाही असा." मग काउंटरला टेकून तो हळू आवाजात बोलायला लागला. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ती हल्ली सगळ्याला हो म्हणते. सूप खारट झालं तरी छान. बूट उलटे घातले तरी छान. आस्ता, मेरेते! तिने एकदा नाही म्हणायला हवं. एकदा मला झापलं पाहिजे. तेवढं झालं तर मला कळेल की ती अजून आहे."

मी आतून एक स्वेटर काढला. नारिंगी अंगावर चमकीचं हरीण, हरणाला लोकरीचं खरोखरचं लोंबतं नाक, आणि शिवण अशी की शिवणाऱ्याला बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं. प्रेबेनने तो पाहिला आणि पहिल्यांदा जरासा हसला. मी बदलचिठ्ठी लावली. देवाचं नाव मी फारसं घेत नाही, पण त्या दिवशी मनात म्हटलं, या बाईला हा स्वेटर नावडू दे.

सत्तावीसला सकाळपासून माझं अर्धं लक्ष दारात होतं. रांग लागली, लोक चिडले, मी दोनदा चुकीचे पैसे परत दिले. दुपार कलत आली तेव्हा दोघं आली. आज तो पुढे होता आणि बाई मागे. बाईंनी कोट उघडला तर आत नारिंगी स्वेटर. हरणाचं नाक लोंबत होतं.

मी रांग सोडून पुढे गेले. "बाई, या. काय बदलायचं?"

"काही नाही गं," बाई हसून म्हणाल्या. "फार सुंदर आहे."

सुंदर. तो शब्द बाईंच्या तोंडी मी शाळेपासून आजवर ऐकला नव्हता. प्रेबेन टोपी चुरगाळत जमिनीकडे बघत होता. मला राहवलं नाही. मी स्वेटरचं टोक धरलं आणि उलटं केलं.

"बाई, ही शिवण बघा तरी."

त्यांनी पाहिलं. बोट आपसूक शिवणीवर गेलं, सुटलेल्या दोऱ्याशी थांबलं. कपाळावर ती जुनी आठी उमटली.

"शी," बाई म्हणाल्या. "ही काय शिवण आहे? आणि हे हरीण आहे की गाय?"

प्रेबेनने झटकन मान वर केली. त्याचा चेहरा उजळला. पण बाईंनी मला दंडाला धरून थोडं बाजूला ओढलं आणि कुजबुजल्या. कुजबुज त्यांना कधीच जमायची नाही, साऱ्या दुकानाला ऐकू गेली.

"पण बदलता यायचा नाही, मेरेते. या गृहस्थांनी दिलाय. फार चांगले आहेत, माझ्यासाठी स्वयंपाकसुद्धा करतात. परक्या माणसाने मायेने दिलेलं असं तोंडावर बदलतात का? नवऱ्याने आणला असता तर इथेच आपटला असता." मग त्या खुदकन हसल्या. "तो येईल बघ तेवीसला. त्याला चांगलं काही दाखवू नकोस हं. नाहीतर तो तेच घेईल, आणि मग मला इकडे यायला कारण उरणार नाही."

मला प्रेबेनकडे बघवेना. तरी पाहिलं. तो पुढे आला आणि त्याच्या त्या भल्याथोरल्या हातांनी बाईंच्या कोटाची बटणं लावायला लागला, एकेक, खालपासून वर. लावून झाल्यावर म्हणाला, "कॉफी घेणार का? कोपऱ्यावर?"

"तुम्ही फार भले आहात," बाई म्हणाल्या, "पण नको. आजच्या दिवशी कॉफी मी नवऱ्याबरोबर घेते."

प्रेबेनने टोपी डोक्यावर घातली.

"मग तिथे बसून त्याची वाट बघू या," तो म्हणाला. "क्रिंगल मागवून ठेवू. तो आला की त्याला अर्धा देता येईल."

बाईंनी त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या एप्रनांकडे पाहायच्या तसं.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याचा हात धरला.