काकांना कमी ऐकू येतं

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते सांगतो. माझ्या मावशीच्या यजमानांइतके तिखट कान अख्ख्या डहाणू तालुक्यात कुणाचे नाहीत, आणि ते बहिरे आहेत ही आवई मी उठवली.

हे काका चिखले गावचे. सगळी नोकरी डहाणू-तलासरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे वारली बोली त्यांना मावशीच्या बोलण्यापेक्षा बरी समजते. निवृत्तीनंतर ओरडायला प्रवासी उरले नाहीत, तेव्हा ते आमच्या कला महोत्सवात कलावंतांच्या जाहीर मुलाखतींना येऊ लागले. बसायचे पहिल्या रांगेत. दारात रेंगाळणाऱ्यांना "आत सरका, आत जागा आहे" म्हणायचे आणि मुलाखतकाराचा प्रश्न लांबला की हवेतच घंटीची दोरी ओढायचे. एका शिल्पकाराला मुलाखतकार तोंडच उघडू देईना, तेव्हा उठून म्हणाले, "साहेब, तुम्ही उतरा आता. तिकीट त्यांचं आहे."

२०१६ साली तलासरीकडच्या पाड्यावरची एक वारली चित्रकार बाई मंचावर होती. मुंबईहून आलेल्या मुलाखतकाराला तिची बोली कळेना, म्हणून दुभाष्या मी. आयोजकही मीच. प्रश्न आला, "तुमच्या चित्रांमागची प्रेरणा कोणती?" बाई हळूच मला म्हणाली, सकाळपासून बसवून ठेवलंय, चहासुद्धा कुणी विचारला नाही, आता तलासरीची गाडीपण चुकेल. मी माईकवर सांगितलं, "त्या म्हणतात, निसर्ग हाच माझा गुरू." टाळ्या पडल्या.

काका ताडकन उठले. "काय रे, हा गुरू मधेच कुठे चढला? बाई उपाशी बसलीय म्हणतेय. आणि तुम्ही लोक टाळ्या कसल्या वाजवता?"

मी हसून माईकवर म्हणालो, "माफ करा, आमच्या काकांना हल्ली कमी ऐकू येतं."

सभागृह खो खो हसलं. काका मंचावर चढून बाईला घेऊन गेले, भजी-चहा दिला, गाडीत बसवून दिलं. मुलाखतींना पुन्हा कधी आले नाहीत. आता कुणी दोरी ओढत नाही. मुलाखतकार तासभर स्वतःचंच ऐकवतात, कलावंत माना डोलावतात, आणि मला संताप येतो तो कुणावर काढायचा हे कळत नाही.

तेव्हापासून चिखल्यात सगळे काकांच्या कानाशी ओरडून बोलतात. त्यांनी कधी कुणाला खरं सांगितलं नाही. त्यांना मला उघडं पाडायचं नव्हतं, दुसरं काय. परवा त्यांच्या ओटीवर गेलो, तर सवयीने मीसुद्धा ओरडलो, "काका, येऊ का?"

ते अगदी हळू म्हणाले, "ये. चहा घेतलास का?"

त्याच मंचावरून, त्याच लोकांना एवढंच सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे: काकांना नीट ऐकू आलं होतं.