गेला तो गिअरबॉक्स!

माझा मामा दोनदा गेला. दुसऱ्यांदा आजारानं; पहिल्यांदा माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समुळे.

त्याचं असं झालं. शाहूवाडीकडच्या डोंगरात राहणारा मामा शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हणून सांगितलेलं. आईचा हा एकुलता एक भाऊ. "जित्तेपणी एकदा तोंड बघू दे रं," एवढंच तिचं म्हणणं. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नव्हती. घरात गाडी होती. (होती म्हणूनच सगळा घोळ झाला!) आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी घर्र घर्र करायला लागली.

"क्लच दाबला की आवाज थांबतोय. गिअरबॉक्सातलं बेअरिंग हाय," शेजारचे तात्या म्हणाले. तात्यांनी जन्मभर ट्रक चालवलेला.

"क्लचप्लेट ओ, क्लचप्लेट!" कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मिस्त्री म्हणाला.

कागलच्या एमआयडीसीत माझ्यासोबत काम करणाऱ्या जोडीदारानं तर गाडी न बघताच निकाल दिला, "नुसतं तेल बदल की!"

मी कुणाचंच मन मोडत नाही. सोमवारी तेल बदललं, मंगळवारी क्लचप्लेट. आवाज आणखी खणखणीत झाला! बुधवारी तात्यांचं ऐकून मिस्त्रीला गिअरबॉक्स उघडायला सांगितला. बायको म्हणाली, "अहो, भाड्यानं जीप करा ना!" मी म्हटलं, "आधी आवाज कसला ते तर कळू दे!" रोज सकाळी आई ठेवणीतलं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दारात बसायची आणि दुपार झाली की तशीच आत जायची. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवारी मिस्त्रीचा फोन आला. मी अंगणात उभा राहून ओरडून बोलत होतो. (गॅरेजात हातोडे चालू असतात, ऐकू जात नाही हो!)

"काय? गेला?... अरे देवा! काहीच आशा नाही?... खाली उतरवला? बरं, झाकून ठेवा, मी आलोच!"

आणि चपला अडकवून पळालो.

तासाभरानं परत येतो तर दारात अख्खी गल्ली! आत आई धाय मोकलून रडत होती, "आण्णा, मला न भेटताच गेलास की रं!" मला वाटलं, गावाकडून निरोप आला असणार! मीही भिंतीला डोकं टेकून रडलो. चार दिवस माझ्याच्यानं न झालेली जीप तात्यांनी दहा मिनिटांत आणली. हारासकट!

वाटेतलं बांबवडे गाव मागं पडल्यावर मी बायकोला हळूच विचारलं, "निरोप आणला कुणी?"

"मला काय विचारताय? फोन तुम्हालाच आला ना!"

फोन? तो तर मिस्त्रीचा, गिअरबॉक्सचा! आई पुढच्या सीटवर पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. खरं सांगितलं तर जीप माघारी फिरवतील, म्हणून मी गप्प बसलो. (खरं म्हणजे तात्यांची भीती वाटली.)

मामाच्या दारात आईनं हंबरडा फोडला. आतून चिरका आवाज आला, "शांते, कोन गेलं गं?"

बाजेवर मामा, हाडांचा नुसता सापळा, पण डोळे टक्क उघडे. आई मटकन खालीच बसली आणि तशीच सरकत बाजेपाशी गेली. तात्यांनी हार पाठीमागं लपवला, पण उशीर झाला होता.

"पावणं, हातात काय हाय?"

"न्हाय... तुमचा सत्कार करायचा हुता!"

मामा हसला. हसताना त्याला धाप लागली, आणि आईनं त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. ती आमच्याबरोबर परत आली नाही. पाच दिवस त्याला चमच्यानं पेज भरवत राहिली. सहाव्या दिवशी तिच्याच मांडीवर मामा गेला.

दहाव्याचं उरकल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "आई, चुकलं माझं. फोनवर नीट बोलायला पाहिजे होतं."

आई मग म्हणाली, "चुकलास म्हनून तर भेट झाली, बाबा. नीट बोलला असतास, तर अजून गाडीचा आवाजच ऐकत बसला असतास!"