न धुतलेलं हेल्मेट

मी नववीत असताना, एका सोमवारी सकाळी, वर्गशिक्षिका मॅडमनी मला एक पिवळं हेल्मेट शाळेच्या नळावर धुऊन आणायला सांगितलं. ते हेल्मेट मी नुकतंच डोक्यावरून काढलं होतं.

शाळा पाटोदा रस्त्यावरच्या एका गावात. त्या दिवशी मुलींसाठी कार्यक्रम होता. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'मुलींनो, इंजिनिअर व्हा.' पाहुणे म्हणून मांजरसुंब्याजवळच्या पुलाच्या कामावरचे साहेब आले होते. ते चांगलं बोलले. पूल बांधायला मिशा लागत नाहीत, म्हणाले. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पाच मुलींना जीपनं पूल दाखवायला नेणार होते. गणितात मी पहिली होते. पाचांत माझं नाव होतं.

आईनं पहाटे शिकेकाईनं माझे केस धुतले होते. "सायब येनार हायेत. तेल लावू नगं," म्हणाली.

साहेबांकडं हेल्मेट एकच होतं. पाचजणींनी ते आळीपाळीनं घालायचं, फोटो झाला की पुढचीला द्यायचं. तिघींचे फोटो झाले. चौथी मी. माझ्यानंतर गावातल्या मोठ्या घरची मुलगी. मधल्या सुट्टीत ती माझी गणितं उतरवून घ्यायची. मी हेल्मेट पुढं केलं. तिनं हात मागं घेतले.

"मॅडम, मी न्हाई घालत. आई वरडंल."

मॅडमनी कारण विचारलं नाही. मी भीमनगरातली. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. साहेब मोबाइलमध्ये फोटो बघत होते. मॅडमनी आवाज खाली केला.

"जा, नळावर धुऊन आण. पटकन. पाहुण्यांसमोर तमाशा नको."

मुलांनाही मागं रांगेत बसवलं होतं. त्यातला एक म्हणाला, "साबन बी ने गं." मुलांची रांग हसली.

मी नळापर्यंत गेले. तोटी सोडली. हेल्मेट धरलेला हात पाण्याकडं गेलाही. केसांना अजून शिकेकाईचा वास होता. पाणी वाहत राहिलं. मग मी तोटी बंद केली. हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि परत आले.

"धुतलंस?"

"न्हाई."

"कावून?" मॅडम एरवी शाळेत असं गावाकडचं बोलत नसत.

"आदीच्या तिघींचं धुतलं न्हाई."

साहेबांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही, सर. मुलगी जरा हट्टी आहे."

"हट्टीच पाहिजेत मुली," साहेब हसून म्हणाले. मोबाइल खिशात घातला.

आभार मानून होईपर्यंत मी हेल्मेट काढलं नाही. साहेब निघताना त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते जीपच्या मागच्या बाजूला टाकलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मॅडम मला म्हणाल्या, जागा नाही. माझ्या जागेवर साबणवाला मुलगा बसला.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"पूल कुटं पळून चाललाय का? आपुन जाऊ."

रविवारी दोघी गेलो. पत्र्याच्या कुंपणापाशी उभं राहून खांब बघितले. आई जरा पुढं सरकली, तसा वॉचमन ओरडला, "ओ मावशी, हेल्मेटबिगर आत यायचं न्हाई!"

आईनं माझ्याकडं बघितलं. "ऐकलंस?"

दहावीनंतर मी स्थापत्यचा डिप्लोमा केला. आज रस्त्याच्या कामावर साईट इंजिनिअर आहे. हेल्मेट रोज घालते.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. मॅडम आता मुख्याध्यापिका आहेत. "मुलींना चार शब्द सांग. तू आमच्या शाळेचा अभिमान आहेस," म्हणाल्या.

मी हो म्हणाले. एक अट घातली. हेल्मेट मी आणणार. एकच. आधी मी घालणार, माझ्यानंतर प्रत्येक मुलगी घालणार. मध्ये ते कुणी धुणार नाही. सगळ्यांत शेवटी मॅडम, तुम्ही.



"कळवते," त्या म्हणाल्या.

कार्यक्रम परवा झाला. पाहुणे दुसरे होते. मी अट मागं घेतलेली नाही.