सोमवारचं शहाळं

डायलिसिस सुरू झालं तेव्हा माझा महादेवावरचा विश्वास हललाच होता. चितेगावच्या कंपनीत उभी हयात गेली, कोणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच किडन्या का? तरी श्रावण आला आणि रुसवा सोडून मीच देवाकडे वळलो. सगळे सोमवार धरायचे ठरवले. केळी, रताळी, शहाळं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, बायकोनंही आठवण करून दिली. पण उपासाचं खाणं देवाच्या नावाचं, ते कसं बाधेल, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

पहिल्याच सोमवारी रताळी झाली, केळी झाली, आणि देवळाला निघताना क्रांती चौकात शहाळं घेतलं. शेअर रिक्षात बसलो तेव्हा पायांत त्राणच नव्हतं. उपासाचा थकवा असेल, असं मनाशी म्हणत शहाळ्याची नळी तोंडाला लावली. शेजारी गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट घातलेल्या एक बाई होत्या. माझ्या हातावरची डायलिसिसची फुगलेली शीर पाहून त्यांनी शहाळं सरळ काढून घेतलं.

"दादा, माझ्या भावाचंबी डायलिसिस होतं. असंच नको ते खाल्लं अन् काळीज बंद पडलं त्याचं."

मी सोमवारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या सोमवारातलं मला काय कळत नाय. पण चेहरा लई उतरलाय तुमचा. देऊळ कुठं जातंय? आधी दवाखाना."

माझ्यात वाद घालायचीही ताकद नव्हती. त्यांनीच रिक्षा वळवायला लावली. ईसीजीत ठोके मंद आणि वेडेवाकडे निघाले. किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठलं की हृदय थांबूही शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं दिली, लगेच डायलिसिसला घेतलं. संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी लहान मुलासारखा रडलो. बायको येईपर्यंत त्या बाई बाहेर बसून होत्या, मग नाव न सांगताच गेल्या.

बरं कर, एवढंच मी देवाकडे मागत होतो, आणि कसं करायचं तेही मीच ठरवत होतो. आता तो हट्ट सोडलाय.

पुढच्या सोमवारी शहाळं पिंडीपुढे ठेवलं आणि उपास न धरता घरी येऊन भाकरी मोडली. बायकोनं विचारलं, "देव रागवायचा नाय ना?"

म्हटलं, "त्यानंच तर माझ्या हातातलं शहाळं काढून घेतलं."