हार्लन सिगमन ‘मोकळं’ म्हणाला नव्हता

ड्रायव्हर कॉल्बी रुडिसिल टीव्हीवर बोलला, तेव्हा हार्लन सिगमन अजून प्रेक्षकसज्जाच्या छतावरच उभा होता. खाली वळणावर निळ्या गाडीचं टप कापून डेन हार्गेटला बाहेर काढायचं काम चाललं होतं. शर्यत थांबवली होती. ड्रायव्हरांना वरून रेडिओवर वाट सांगणारे सगळे स्पॉटर कठड्याला टेकून उभे होते. त्यातल्या एकाने फोनवर टीव्ही लावला, आणि कॉल्बीचा चेहरा दिसला. घामाने केस चिकटलेले, मागे जाहिरातदाराचा फलक.

“माझा स्पॉटर म्हणाला, मोकळं आहे,” कॉल्बी सांगत होता. “मोकळं म्हणाला म्हणून मी गाडी वर, भिंतीच्या बाजूला घेतली. डेनसाठी प्रार्थना करतोय मी.”

हार्लनला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कठड्यावरचे सगळे चेहरे हळूहळू त्याच्याकडे वळले. फक्त त्याच्या लगतची जागा रिकामी होती. तिथे डेनचा बाप आणि स्पॉटर रॉय हार्गेट उभा असायचा. गाडी भिंतीवर आपटली तेव्हा तो दुर्बीण तिथेच टाकून जिन्याकडे धावला होता.

 तो खाली बसला.

गाडीत ड्रायव्हरला असा जखडून बांधतात की त्याला मानही वळवता येत नाही. शेजारी कोण आहे हे त्याला दिसत नाही. छतावरून स्पॉटर सांगेल ते खरं. गाडी लगत असेल तर स्पॉटर ‘आहे, आहे, अजून आहे’ असा घोष लावतो आणि ती मागे पडली की एकदाच म्हणतो, ‘मोकळं’. हा शब्द हार्लन दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरत नसे. ‘मोकळं नाही’ असं तर चुकूनही म्हणत नसे. गोंगाटात अर्धं वाक्य गळून पडलं तर माणूस मरेल, असं तो नव्या स्पॉटरांना दरडावून सांगायचा. चौकात बायकोने, नेव्हाने, विचारलं, “तुझ्या बाजूने रस्ता मोकळा आहे का रे?” तरी हा नुसतं म्हणायचा, “जा.”

हार्लन मूळचा होजिअरी गिरणीतला फिटर. शनिवारी मातीच्या ट्रॅकवर स्वतः गाडी पळवायचा, बऱ्यापैकी जिंकायचाही. गिरणी बंद पडली, डोळ्यांपुढे धूळ आणि वय दोन्ही आलं, तेव्हा गाडी विकली. त्याच सुमारास शेजारच्या रुडिसिलांचं कॉल्बी हे पोर गो-कार्ट ही छोटी शर्यतगाडी घेऊन मागे लागलं. बाप फिरतीवर, आई दोन पाळ्या करणारी. पोराचं सगळं लहानपण सिगमनांच्या स्वयंपाकघरात गेलं. नेव्हा त्याला लिव्हरमश, म्हणजे डुकराच्या कलेजीची वडी, तळून ब्रेडमध्ये घालून द्यायची आणि तो खाता खाता हार्लनला विचारायचा, “काका, वळणावर ब्रेक कधी सोडू?” तो मोठा होऊन वरच्या दर्जाच्या शर्यतींत गेला तेव्हा करारात एकच अट घातली, स्पॉटर हार्लनकाकाच पाहिजेत.

त्या वसंतात मात्र गाडं बिघडलं होतं. एका शर्यतीत शेवटच्या फेरीला कॉल्बी पुढे होता, आणि डेनने मागून धक्का देऊन त्याला गवतात काढलं. जिंकला डेन. तेव्हापासून दोघं एकमेकांचं नाव न घेता एकमेकांबद्दलच बोलायचे. पत्रकारांना तेवढंच पुरे होतं. टीमच्या मालकीण फे ओव्हरकॅश दर सोमवारी म्हणायच्या, “कॉल्बी, जाहिरातदार मला विचारतो, तुमचं पोरगं मार खायलाच येतं का?” करार शरदात संपत होता. वर्षभरात एकही जिंकणं नव्हतं. पोराचं जेवण कमी झालेलं नेव्हाच्याही लक्षात आलं होतं.

आणि आता हे.

हार्लन छतावरून उतरून टीमच्या ट्रेलरमध्ये गेला. आत फेबाई होत्या आणि गाडीच्या मेकॅनिकांचा मुख्य, क्रू चीफ होता. कॉल्बी नव्हता.

“बसा, हार्लन,” फेबाई म्हणाल्या. “रेडिओचं रेकॉर्डिंग ऐकलं आम्ही. नेमक्या त्या क्षणी खालून आमच्या माणसानेही बटण दाबलं होतं. दोन आवाज एकमेकांवर चढलेत. नुसती खरखर आहे.”

“मी ‘आहे’ म्हणत होतो,” हार्लन म्हणाला.

“असाल. पण ते कुणाला ऐकू येत नाहीये.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “माणसाची जीभ घसरते, हार्लन. एवढी वर्षं तुम्ही उन्हातान्हात उभे आहात. तुम्ही म्हणालात ‘चुकलो’, तर लोक हळहळतील आणि विसरतील. पोरगा म्हणाला ‘मुद्दाम केलं’, तर तो संपला, टीम संपली. वर्कशॉपमध्ये तुमची जागा कायम राहील. माझा शब्द आहे.”

हार्लनने क्रू चीफकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्या बांधत होता. बांधलेल्याच नाड्या पुन्हा सोडून बांधत होता.

हार्लन टोपी उचलून बाहेर पडला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे बातमी आली की स्पॉटरने चूक कबूल केली.

पुढचे काही दिवस त्याचे कसे गेले हे त्यालाच नीट सांगता येत नाही. नाश्त्याला तो नेहमीच्या हॉटेलात गेला तर काउंटरवरचा एक जण कॉफीत बघत मोठ्याने म्हणाला, “चष्म्याचा नंबर वाढला असेल, तर सांगावं माणसाने.” दुसरा हसला. वाढणारी बाई हार्लनची बशी ठेवून काही न बोलता गेली. एरवी ती त्याची चेष्टा केल्याशिवाय बिस्किट नावाच्या मऊ पावांवर ग्रेव्ही ओतत नसे. पण या सगळ्यापेक्षा वाईट हे होतं की त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. एवढी माणसं म्हणताहेत. पोरगा म्हणतोय. पोरगा कशाला खोटं बोलेल? निघाला असेल तोंडून तो शब्द?

“तू म्हणाला नाहीस,” नेव्हा म्हणाली.

“तू होतीस का तिथे?”

“नव्हते. पण तुला ओळखते ना मी! साधा रस्ता मोकळा आहे म्हणत नाहीस तू, मेल्या.”

त्याला हसू आलं नाही. तो उठला आणि पिकअप काढून डोंगर ओलांडून, डेनला ठेवलं होतं त्या टेनेसीतल्या हॉस्पिटलात गेला. डेनची माफी मागायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

वरच्या मजल्यावर व्हरांड्यात रॉय हार्गेट बसला होता. दाढी वाढलेली, अंगात त्याच दिवशीचा टीमचा शर्ट. हार्लन समोर जाऊन उभा राहिला. टोपी हातात घेतली.

“रॉय, मी तुझी क्षमा मागायला…”

“कसली क्षमा?” रॉयने वर पाहिलं. “तुला वेड लागलंय का? माझं कोपर तुझ्या कोपराला लागत होतं, हार्लन. तू ‘आहे, आहे, अजून आहे’ म्हणत होतास. मी माझ्या पोराला तेच सांगत होतो. दोघं एका सुरात ओरडत होतो आपण. शेवटी तर तू कॉल्बीचं नाव घेऊन किंचाळलास.”

हार्लन त्याच्या शेजारी बसला.

“मग तू कुणाला बोलला का नाहीस?”

“माझ्या पोराच्या पाठीत सळया घालताहेत. मला इथे जेवणाची शुद्ध नाही.” रॉयने तोंडावरून हात फिरवला. “आणि मी बोललो तर कोण ऐकणार? म्हणतील, बाप आहे, दावा धरतोय. तू कबूल केलंस म्हणतात ते. मला वाटलं, तुला विकत घेतलं.”

हार्लन डेनला न भेटताच परतला आणि तडक तळ्याकाठी कॉल्बीच्या घरी गेला.

कॉल्बी तळ्याच्या धक्क्यावर आपली होडी पुसत होता. हार्लनला बघून फडकं खांद्यावर टाकून सामोरा आला, लहानपणी यायचा तसा.

“या काका. फोन तरी करायचा.”

“तुला काय ऐकू आलं होतं, कॉल्बी?”

पोरगा पाण्याकडे वळला. नाही म्हणेल, असं हार्लनला वाटत होतं. खरखरीमुळे भलतंच ऐकू आलं, असं म्हणेल. तसं म्हणाला असता तर हार्लनने तिथेच, त्याच पावली, विश्वास ठेवला असता.

“तुम्ही ‘आहे’ म्हणत होतात,” कॉल्बी म्हणाला. “मला ऐकू आलं होतं.”

“सगळं?”

“सगळं. मला त्याला भिंतीत घालायचं नव्हतं, काका, आईशप्पथ. नुसतं घासायचं होतं. त्याने मला दाखवलं तसं थोडं दाखवायचं होतं. त्याची गाडी एकदम फिरली.”

“आणि माझं नाव?”

“कॅमेरा पुढे आला आणि तोंडातून निघून गेलं. नंतर फेबाई म्हणाल्या, आता तसंच राहू दे.” त्याने खांदे उडवले. आवाजात ना चीड, ना रडू. “तुम्ही कधी ना कधी थांबणारच होतात ना? माझं तर आत्ता कुठे सुरू होतंय. मला वाटलं, तुम्ही समजून घ्याल. तुम्ही नेहमीच घेता.”

हार्लनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोच चेहरा. नेव्हाच्या टेबलाशी बसून तोंडभर घास घेऊन बोलणारा. त्या तोंडून हे शब्द इतक्या शांतपणे यावेत, हे त्याला झेपेना. शिवी हासडावी, थोबाडीत द्यावी, असं काही सुचलंच नाही. तो वळला आणि पिकअपमध्ये जाऊन बसला. किल्ली लावायला गेला तर हात इतका थरथरत होता की ती भोकात जाईना. कॉल्बी धावत आला, त्याने खिडकीतून हात घालून किल्ली लावून दिली आणि म्हणाला, “सावकाश जा, काका.”

ही गोष्ट हार्लनने नेव्हाला सांगितली. “त्याने किल्ली लावून दिली?” एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

त्या आठवड्यात शर्यती भरवणाऱ्या मंडळाने चौकशी बसवली. हार्लनने आपला रविवारचा कोट घातला आणि जे घडलं ते सांगितलं: काय बोललो, ट्रेलरमध्ये काय झालं, धक्क्यावर काय ऐकलं. फेबाई उठून उभ्या राहिल्या. “ज्या पोराला वाढवलं, त्यालाच बुडवायला निघालात?” रॉय हॉस्पिटलातून आला होता, त्याने दोन वाक्यांत साक्ष दिली आणि परत गेला. मग कॉल्बीला विचारलं. तो हार्लनकडे न बघता म्हणाला, “काका म्हणतात तसंच आहे.”

काही शर्यतींची बंदी आणि दंड, एवढ्यावर त्याचं निभावलं. फेबाईंनी दारातच हार्लनला सांगितलं की वर्कशॉपला यायची गरज नाही. बाकीच्या टीमवाल्यांनी पाठ थोपटली, पण काम कुणी दिलं नाही. ट्रेलरमधलं बोलणं बाहेर नेणारा माणूस कुणालाच नको होता.

हार्लन कौंटीची शाळेची बस चालवू लागला. दुपारच्या मधल्या वेळात तो घरी परतलेल्या डेनला व्यायामासाठी दवाखान्यात नेई, कारण रॉयला आपलं दुकान सांभाळायचं असे. डेन काठी घेऊन चालायला लागला होता. गाडी पुन्हा चालवणं शक्य नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. जाता येता दोघं मासे, टोमॅटो, डेनची धाकटी मुलगी असल्याच गोष्टी बोलायचे.

एके दिवशी दवाखान्याच्या आवारात पिकअप थांबली तरी डेन उतरेना.

“सिगमनकाका, एक सांगू? वसंतात मी कॉल्बीला गवतात काढलं ना, तेव्हा बाबा मला ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होते. मी पत्रकारांना म्हणालो, रेडिओ बंद पडला होता.”

हार्लनने इंजिन बंद केलं. “बंद नव्हता?”

“नाही. बाबांनाही ते माहीत आहे. त्यांनी मला कधी विचारलं नाही.” डेनने काठी बाहेर टेकवली. “त्याच्या गाडीला आग लागली असती, तर मी काय केलं असतं कोण जाणे.”

तो उतरून गेला. तो व्यायाम संपवून येईपर्यंत हार्लन स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून होता. इतकी वर्षं छतावरून त्याने गाड्या पाहिल्या होत्या आणि त्याला वाटत होतं, आपल्याला आतली माणसं दिसतात.

त्या शरदात कॉल्बी बंदीनंतर परतला आणि दुसऱ्याच शर्यतीत जिंकला. आता तो बदनाम होता, म्हणून प्रेक्षकांतल्या त्याच्या नावाच्या आरोळीला आधीपेक्षा दुप्पट जोर होता, जाहिरातदारही टिकला. हार्लनने ते टीव्हीवर पाहिलं. नेव्हाने मध्येच टीव्ही बंद केला. त्याने तो पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला.

मग फोन वाजला. नेव्हाने उचलला, ऐकलं आणि तळहाताने तो झाकून म्हणाली, “कॉल्बी आहे. रडतोय. काय सांगू?”

हार्लनने टीव्ही बंद केला. मग उठला आणि तिच्या हातातून फोन घेतला.

“जेवलास का?” त्याने विचारलं.