घंटा झाल्यावरचा ठोसा

माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दोन माणसांवरून पस्तीस वर्षं वाद चालू आहे. एक माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. दुसरे आप्पा, मोंढ्यातल्या जुन्या भुसार दुकानाचे मालक. दोघंही आपापल्या काळात बॉक्सिंगमध्ये राज्याचे हेवीवेट चॅम्पियन होते. एका तालुक्याच्या गावात असे दोन गडी एकत्र आले, म्हणून मोठा कोण हे ठरवल्याशिवाय लोकांना चहा गोड लागत नसे.

आबा लिंबागणेशकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेत भरती झाले तेव्हा तिथल्या उस्तादानं त्यांचे खांदे बघितले आणि हातात ग्लोव्हज घातले. रजेवर आले की राज्याच्या स्पर्धेत उतरायचे. तीन वेळा जिंकले. पुढं नोकरी संपल्यावर धरणाच्या पाण्यावर भिजणारी जमीन बघून आम्ही माजलगावला आलो. आप्पा व्यापाऱ्याच्या घरातले, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. कॉलेजात बॉक्सिंग शिकले आणि एकदाच जिंकले. त्या वर्षी आबांना रजा मिळाली नव्हती. वादाची सगळी मेख तिथंच होती. आबांची माणसं म्हणायची, वाघ रानात नव्हता तवा कोल्ह्यानं राज्य केलं. आप्पांची माणसं म्हणायची, तुमच्या पैलवानाच्या पहिल्या दोन फायनलींत समोर कोण व्हतं, त्याची उंची सांगा, वजन सांगा. मग पुढच्या वर्षी बीडच्या मैदानावर दोघांची फायनल झाली. आबांनी दुसऱ्या राउंडला आप्पांना असं पाडलं की त्यांना खाटेवर घालून न्यावं लागलं. आप्पांचा डावा कान कायमचा गेला. ते परत रिंगमध्ये उतरले नाहीत. आमच्या बाजूनं तो शेवटचा शब्द होता. आप्पांच्या बाजूचे म्हणायचे, तो ठोसा राउंडची घंटा झाल्यावर मारला. पंचांनी ते मानलं नव्हतं. मैदानावर इतका गलका होता की घंटा कुणालाच नीट ऐकू आली नव्हती, आणि आबांनीही ऐकू आली नाही असंच सांगितलं होतं.

मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना तोटा नाही. दुपारी चार वाजता मोंढ्यातल्या हॉटेलात चहाला जायचो आणि आबांची बाजू मांडायचो. आमच्या बाजूनं माझ्याइतकं तावातावानं कुणी बोलत नसे. मी अंगानं मायवर गेलेलो, बारीक. कदाचित म्हणूनच.

आबांचा हात किती जड आहे हे त्या हॉटेलातल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं. मी नऊ वर्षांचा असताना ते मला गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभं करायचे. दोन्ही मुठी हनुवटीजवळ. मूठ खाली आली की कानशिलात. रडलो की आणखी एक. एकदा मी उभ्या उभ्या मुतलो, तेव्हा त्यांनी मला त्याच जागी पुन्हा उभं केलं. मायवर हात उचलायला त्यांना कारण लागत नसे. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा चार पाहुण्यांत तिनं त्यांचं बोलणं तोडलं. पाहुणे जाईपर्यंत आबा हसत बसले. मग दार लावलं. तिनं तोंडावर हात आडवा धरला, आणि त्या हातावर ठोसा बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी तुराटी मोडल्यासारखा आला. दवाखान्यात तिनं विहिरीवर घसरले म्हणून सांगितलं. मनगट वाकडंच जुळलं. त्यानंतर दोन दिवसांनी शाळेत कुणी तरी आबांबद्दल विचारलं, तर मी छाती फुगवून तिन्ही चॅम्पियनशिपा सांगितल्या. आज लिहितानाही मला याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी एक कॅसेट निघाली. बीडला एका फोटो स्टुडिओवाल्याच्या बापानं त्या फायनलचं शूटिंग केलं होतं. लग्नाचं शूटिंग करायचा, तसंच हौसेनं केलेलं. पोरानं माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवताना ती सापडली आणि त्यानं ती माजलगावच्या एका ग्रुपवर टाकली. एका सकाळी दुकान उघडेपर्यंत माझ्या मोबाइलवर ती सात जणांकडून आली होती.

मी ती शटर अर्धं ओढून बघितली. चित्र फिकट, कडेला लाटा उठणाऱ्या. पण आबा ओळखू आले. माझ्यापेक्षा तरुण, मान बैलासारखी. पहिल्या राउंडला आप्पाच भारी होते. लांब हातानं आबांना जवळ येऊ देत नव्हते. आबांच्या डोळ्यावरून रक्त वाहत होतं आणि ते मनगटानं पुसत होते. दुसऱ्या राउंडला आबा खाली वाकून आत घुसले आणि बरगड्यांवर मारत सुटले. ठोसा बसला की आप्पांच्या तोंडातून निघणारा हुंकार ऐकू येत होता. कॅमेरा घंटेच्या टेबलाशेजारीच असावा. कारण घंटा झाली ती स्वच्छ ऐकू आली. दोनदा. आप्पांनी हात खाली सोडले, आपल्या कोपऱ्याकडे मान वळवली. आबांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि उजव्या हाताचा ठोसा त्यांच्या डाव्या कानावर मारला. आप्पा आडवे झाले. मग आबांनी दोन्ही हात वर केले.

मी ते पाच-सहा वेळा बघितलं. दर वेळी वाटे, घंटा नंतर झाली असेल. दर वेळी ती आधीच झाली होती.

त्या दिवशी हॉटेलात जायला नको होतं. पण न जाणं म्हणजे हरलो असं झालं असतं. आप्पांचा पुतण्या तिथं बसलेला होता. तो माझ्याच वयाचा, काकांच्या दुकानात बसणारा, आणि इतकी वर्षं वादात माझ्यासमोरचा गडी. मोबाइल त्यानं साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा. भोवती दहा-बारा माणसं. मी आलो तसं त्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

“आईक,” तो म्हणाला. “आता घंटा न्हाई आईकली असं म्हण.”

मी म्हणालो, “गलका किती हाय बघ की. रिंगमधे काय आईकू येतंय?”

“आप्पांला बरं आईकू आली.”

दोघं-तिघं हसले. मी म्हणालो, “तुमच्या आप्पांची एक चॅम्पियनशिप, ती बी आबा नसताना. त्याच्यावर बोल.”

तो शांतपणे बशीतला चहा प्याला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “तुझ्या बापाला घंटा झाल्यावरच मारायला येतंय. घरी तुझ्या मायला तर घंटा बी नव्हती बे.”

म्हणजे गावाला माहीत होतं. विहिरीवर घसरल्याची गोष्ट कुणीच खरी मानली नव्हती, आणि तरी इतकी वर्षं माझ्यासमोर आबांच्या ताकदीच्या गप्पा सगळ्यांनी मारल्या होत्या.

टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता, भरलेला. मी तो उचलून त्याच्या तोंडावर मारला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. तो बाकावरून मागं पडला. मी टेबल ओलांडून त्याच्या छातीवर बसलो आणि मुठीनं मारायला लागलो. लहानपणी भिंतीजवळ शिकलेलं सगळं हातात आपोआप आलं. मूठ कशी वळायची, खांदा कसा टाकायचा. पहिल्या दोन ठोशांत त्याच्या ओठाचा चेंदा झाला. तिसऱ्या ठोशाला जबडा बाजूला सरकला, ते माझ्या बोटांना कळलं. त्यानं पंजा वर केला आणि रक्ताची गुळणी तोंडात ठेवून “बस” म्हणाला. मला ते ऐकू आलं. त्यानंतर मी किती मारले ते मला सांगता येत नाही. मला मागं ओढायला चार हमाल लागले. माझ्या बोटांच्या पेरात त्याचा अर्धा दात रुतून बसला होता.

पोलीस आले, मला नेलं, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. पुतण्याला बीडच्या दवाखान्यात हलवलं होतं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता.

मी घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. माय आत भाजी निवडत होती. मला वाटलं होतं, आबा खूश होतील. खरं सांगायचं तर तीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. त्यांनी माझ्या हातावरची पट्टी बघितली.

“कावून मारलं?”

“तुमच्याबद्दल बोलला.”

“काय बोलला?”

मी सांगितलं. मायचं नाव आलं तेव्हा आतला निवडण्याचा आवाज थांबला. आबांनी अंगणाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, “पडल्यावर बी मारत व्हतास का?”

“हो.”

“घंटा मला आईकू आलती,” आबा म्हणाले. “साफ आईकू आलती. त्यानं पहिल्या राउंडला लई मारलं व्हतं. तिसऱ्याला मी टिकलो नसतो. हात सोडलेला दिसला, मी मारलं.”

माय दारात आली. “मंग इतकी वर्सं कावून न्हाई बोलला?” तिनं विचारलं. उत्तरासाठी न थांबता ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि मला म्हणाले, चल. आम्ही एसटीनं बीडला गेलो. दवाखान्यातल्या त्या मोठ्या वॉर्डात पंधरा-वीस खाटा होत्या, आणि प्रत्येक खाटेभोवती तीन-चार नातेवाईक. पुतण्याचे दात तारेनं बांधलेले, तोंड सुजून दुधीएवढं झालेलं. मला बघून त्याचे डोळे विस्फारले आणि त्यानं चादर वर ओढली. शेजारी स्टुलावर आप्पा बसले होते. पांढरा सदरा, अंग अजूनही आडवं. ते जागचे हलले नाहीत.

आबा त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात काही तरी बोलले. नेमके डाव्या बाजूला उभे होते.

“आईकू येत न्हाई,” आप्पा म्हणाले. “तुमीच घालवलाय तो कान. मोठ्यानं बोला.”

आबा फिरून उजवीकडं जाऊ शकले असते. गेले नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी फौजेत बोलतात तसा आवाज चढवला.

“घंटा झालती. मला आईकू आलती. तरी बी मी मारलं. मंग पंचांपुढं खोटं बोललो.”

सलाइन लावणारी नर्स हात तसाच धरून बघत राहिली. आप्पा स्टुलावरून उठले. गुडघे धरत, सावकाश. मग त्यांनी उजवा हात मागं नेला आणि आबांच्या तोंडावर ठोसा मारला. म्हाताऱ्या माणसाचा, पण अंगात बसलेला ठोसा. आबांचे दोन्ही हात खालीच होते. त्यांनी ते मुद्दाम खाली ठेवलेले मी बघितलं. ते दोन पावलं मागं गेले, लोखंडी खाटेला आपटले, नाकातून रक्ताची धार लागली आणि त्यांच्या धुतलेल्या धोतरावर पडली. मी पुढं झालो, तर आबांनी हातानंच मला अडवलं.

आप्पा धापा टाकत होते. मूठ दुसऱ्या हातात धरून चोळत होते, त्यांचंच बोट दुखावलं असावं. “पोराला बाहेर न्या,” ते म्हणाले. “माझा पुतण्या भेतोय त्याला.”

नर्सनं आम्हा सगळ्यांनाच बाहेर काढलं. आबांच्या नाकाचं हाड मोडलं होतं. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर पट्टी केली. डॉक्टरनं विचारलं, कशानं लागलं, तर आबा म्हणाले, “ठोसा बसला.”

ही गोष्ट आमच्याआधी माजलगावला पोचली. घरी आलो तेव्हा मायनं आबांच्या तोंडाकडं बघितलं, पाणी गरम करून दिलं, आणि मी हातपाय धूत होतो तिथं येऊन हळूच म्हणाली, “दवाखान्यात लई मोठ्यानं बोलला म्हनं. मला तर दोन्ही कानांनी आईकू येतंय.”

मी हे आबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या महिन्यात माय लिंबागणेशला आपल्या भावाकडं राहायला गेली. भांडली नाही, रडली नाही. पिशवी भरली आणि मला म्हणाली, बसवर सोड. आबा ओट्यावरून बघत होते. दर चतुर्थीला ती गणपतीच्या देवळात बसते, भाऊ-भावजयीकडं जेवते. आबा दोनदा तिकडं जाऊन आले. दोन्ही वेळा एकटेच परतले. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

पुतण्या सहा आठवडे पातळ पेज पीत होता. केस बीडच्या कोर्टात लागली. तिसऱ्या तारखेला त्यानं समझोत्याची तयारी दाखवली. त्याची अट एकच होती, मी हॉटेलात पाय ठेवायचा नाही. मी कबूल केलं. आता चहा दुकानावरच पितो. त्याचा जबडा उजवीकडं थोडा सरकलेला आहे, बोलताना दिसतो. रस्त्यात समोरासमोर आलो की आम्ही दोघंही बाजूला होतो.

वाद काही थांबलेला नाही. मोटारी घेऊन येणारे शेतकरी सांगतात, हॉटेलात आता दवाखान्यातल्या ठोशाची चर्चा असते. काही जण तो धरून आप्पांना विजयी करतात. काही म्हणतात, हात खाली ठेवून उभा राहिला तो मोठा. परवा एक जण मोटार उतरवता उतरवता म्हणाला, तुमी तर तिथं व्हता, तुमीच सांगा, दोघांत भारी कोण. मी त्याला विचारलं, मोटार किती एचपीची हाय, आणि पाना घेऊन मागचं झाकण खोलायला बसलो.